जित्या मायचा दुखवटा

नंदकुमार भोयरची माय मेली ती कॅनडात, कनाटा गावातल्या देशी किराणा दुकानात, मसूर डाळीच्या थैल्यांपाशी. ती स्वतः त्या वेळी वर्ध्याकडच्या गावात, जेवूनखाऊन, अंगणात खाट टाकून घोरत पडली होती. आपण मेलो हे बुढीला माहीतच नव्हतं.

नंदकुमार तांदूळ घ्यायला गेला होता. डोक्याचा पुरा चमनगोटा, मिशीही साफ. समोरून जयंतीकाकू आपटे आल्या, हातात सांबाराची जुडी. आमच्या वर्‍हाडात सांबार म्हणतात, काकू पुण्याच्या असल्यानं त्या कोथिंबीर म्हणतात. काकूंनी आधी डोकं पाहिलं, मग मिशीची जागा पाहिली, जुडी टोपलीत ठेवली आणि हात जोडले.

"गेल्या का हो आई?"

त्यांची काही चूक नव्हती. नंदकुमारची आई अत्यवस्थ आहे, तो गावी गेलाय, असं त्याच्या बायकोनं, शोभानं, सगळ्या मराठी मंडळात सांगून ठेवलं होतं. आता गावी गेलेला माणूस भादरून परत आला, तर आपल्या लोकांनी दुसरं काय समजावं? नुसतं डोकं असतं तर उन्हाळा येतोय म्हणून सोडून दिलं असतं. मिशी कोण काढते उन्हाळ्यासाठी?

'नाही' म्हणायला एक श्वास पुरला असता. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न उभा राहणार. मग भादरलं कशानं? मग होतास कुठे? नंदकुमार इतका थकलेला होता, की त्याला त्या प्रश्नांपर्यंत चालत जाणंसुद्धा जिवावर आलं. त्याची मान हलली. वर-खाली. तेवढ्यात बुढी गेली.

आता तो होता कुठे, ते सांगतो.

नंदकुमार आमच्याच भागातला. वर्धा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा. कागदावर कोरडा ठाक आणि नाल्याच्या काठानं मोहाच्या भट्ट्या. पण हा गडी त्या वासालाही कधी उभा राहिला नाही. नागपूरला शिकला, इंजिनिअर झाला आणि सत्त्याण्णव साली कनाट्यात आला. तेव्हा इथल्या टेलिफोनच्या कंपन्या सुगीतल्या मजुरांसारखी माणसं भरत होत्या. पुढे चारेक वर्षांत ते पीक बसलं. बिल्डिंगच्या बिल्डिंग रिकाम्या झाल्या. ज्या दिवशी याला काढलं, त्या दिवशी बाकीच्या काढलेल्यांनी जेवणात आग्रह केला, म्हणून तो पहिल्यांदा प्यायला. चाळिशीला टेकलेला माणूस. लहानपणी गोवर झाला तर सोपा जातो, मोठेपणी झाला तर माणूस झोपवतो, तसं झालं त्याचं.

पुढे कधी कॉन्ट्रॅक्ट, कधी काहीच नाही, आणि शेवटी हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाला रंग मिसळून द्यायचं काम. रम कॉफीच्या मगात. पिऊन दंगा करणारा, बायकोवर हात टाकणारा हा नव्हे. हा खोटं बोलणारा पिणारा. बेसमेंटमध्ये घर तापवायची फर्नेस पाहून येतो. ग्रोसरीत लाइन होती. बर्फ साफ करायला बाहेर होतो. तोंडाला वास येतोय? खोकल्याचं औषध. आधी थाप, मग घोट, मग त्या घोटावर झाकण म्हणून पुन्हा थाप. बाकी लोक चकली-शेंगदाण्यासंगं पितात, हा थापांसंगं प्यायचा.

त्या साली, म्हणजे दोन हजार नऊच्या उन्हाळ्याआधी, त्यानं दारू सोडायचं ठरवलं. तेही कोणाला न सांगता. कारण सोडतो म्हणायचं तर पीत होतो हे कबूल करावं लागलं असतं. अंगाला कापरं भरलं, फिट आली आणि बेसमेंटच्या जिन्यावरून खाली. डोकं फुटलं, वरचा ओठ फाटला. हॉस्पिटलात टाके घालायला अर्धं डोकं आणि मिशी भादरली. तिथून त्याला शहराबाहेर शेतात असलेल्या दारू सोडवायच्या केंद्रात धाडलं. तिथला खोलीतला सोबती मेंढरं पाळणारा होता. "अर्धं नांगरलेलं, अर्धं पडीत, हे बरं दिसत नाही," म्हणून त्यानं मेंढरं भादरायच्या हातानं उरलेलंही उतरवून टाकलं.

केंद्रात रॉन नावाचा समुपदेशक होता, पूर्वीचा ट्रकवाला आणि पूर्वीचा पिणारा. तो म्हणायचा, बाटली सोडशील रे तू, थाप सोडशील का? थाप ठेवलीस तर बाटली तिच्या मागून येतेच, बैलांमागून बंडी यावी तशी. बैल-बंडी माझी, त्यानं ट्रकचं आणि ट्रेलरचं सांगितलं होतं.

आणि हे सगळं मला ठाऊक कसं? तर नंदकुमारनंच सांगितलं. आता तो विचारलं नाही तरी सांगतो. हा त्याचा नवा त्रास आहे लोकांना.

तर तांदळाची थैली घेऊन तो घरी आला आणि सरळ किचनमध्ये जाऊन म्हणाला, "शोभा, माय मेली असं जयंतीकाकूले सांगून आलो."

शोभा दाताच्या दवाखान्यातून दुपारच्या सुट्टीत जेवायला आली होती. घास तसाच राहिला. "काय?"

"सांगितलं नाही. मान हलली."

"मान हलली म्हणजे? तोंड नव्हतं का तुमच्याजवळ?"

"होतं. निघालं नाई त्यातून काही."

"जित्या मायले मारून आले तुम्ही!" ती ओरडली. मग जरा वेळानं, "तांदूळ तरी आणला का?"

"हाव. आणला."

"काकूले फोन करतो आत्ता. खरं काय ते सांगतो," नंदकुमार म्हणाला आणि फोनकडे गेला. शोभानं त्याच्या आधी फोनवर हात ठेवला. ती विचार करत होती. घर सांभाळून, नोकरी सांभाळून, याची झाकपाक करून करून तिचं डोकं अशा कामात फार तेज झालं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"मेलीच म्हणा. ऐका माझं. वर्षभर कोणी पार्टीले बोलावणार नाही. कोणी तुमच्यासमोर पेला धरणार नाही. तोंड सुकलं, हात कापले, तरी कोणी विचारणार नाही. दुखवट्यातला माणूस आहे म्हणतील. तुमच्याच भल्याचं आहे हे."

"शोभा, माय जित्ती हाये."

"तिले कोण सांगायले जाते इथून? अन् तुम्हाले काय वाटते, मी हौसेनं बोलून रायली? शनिवारी मराठी शाळेत मी लोकांच्या पोरायले शिकवते. ते लोक मले बाई म्हणतात. उद्या म्हणतील, बाईचा नवरा दारुड्या, अन् बाई खोटारडी." तिचा आवाज खाली आला. "लय झाकलं मी तुमचं. आता उघडलं तर माझंच उघडं पडते. लोकायसमोर बोलले ना, तर या घरात राहू नका. सांगून ठेवते."

धमकी नव्हती ती. दमलेली बाई हिशेब सांगते तसं तिनं सांगितलं. केंद्रातून आल्यापासून तो बेसमेंटमध्येच झोपत होता. आता तेही जायचं होतं. नंदकुमारनं तिच्या हाताखालचा फोन सोडून दिला.

बातमी मंडळात फिरली. फोन यायला लागले. पहिल्या दोन-तीन फोनांना नंदकुमार "हं, हं" करत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला हलकं वाटतंय. लोक मऊ बोलत होते. कोणी काही विचारत नव्हतं. छातीवरचा धोंडा जरासा सरकल्यासारखा. ही सुटका त्याच्या ओळखीची होती. पहिला घोट खाली उतरला की अशीच वाटायची. तेव्हा तो घाबरला.

त्याच आठवड्यात कामावरून घरी येताना त्याची गाडी दारूच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये वळली. आत गेला नाही. बसून राहिला, मग परत फिरला. घरी येऊन शोभाला म्हणाला, "आज दारूच्या दुकानासमोर थांबलो होतो. घेतली नाही."

"कायले सांगता मले?"

"सांगाच लागते म्हणते रॉन."

"मंग रॉनलेच सांगा," शोभा म्हणाली आणि कपड्यांची टोपली घेऊन वर गेली.

रविवारी आम्ही सगळे भेटायला गेलो. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जेवण नेलेलं. जयंतीकाकूंचं पिठलं-भाकरी, कोणाचा भात; उन्मेषनं तर वरण कुकरसकट आणलं. उन्मेष नागपूरचा, नंदकुमारच्या जुन्या कंपनीतला, आणि कंपनी बसल्यापासून त्याच्याच सोबतीनं बसणारा. दारात जोड्यांचा ढीग पडला. सोफे रिकामे ठेवून सगळे कार्पेटवर मांड्या घालून बसले. अशा वेळी सोफ्यावर बसणं बरं दिसत नाही. नंदकुमारची पोरगी अनुया, बारावीतली, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून आमच्याकडे असं पाहत होती, जसं काही आम्हीच कोणाला तरी मारून आलोय.

काकूंचे यजमान डॉक्टर रविकांत आपटे. एकोणसत्तर साली आलेले, आता रिटायर, पण पेशंट दिसला की प्रश्न सुटत नाहीत.

"वय काय होतं?"

"ऐंशीच्या वर आहे," नंदकुमार म्हणाला. 'आहे' म्हणाला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

"चांगलं आयुष्य. शेवटी काय झालं? किडनी की हार्ट?"

"हार्ट," किचनमधून शोभा म्हणाली.

"त्रास झाला फार?"

"नाही. झोपेतच."

"भाग्यवान. सुटल्या."

आणि मग उन्मेष रडायला लागला. मोठ्यानं नाही, पण खांदे हलायला लागले. "एकदा याचं पार्सल घेऊन गेलो होतो मी गावी," तो म्हणाला. "मले ओळखतही नव्हती म्हातारी. पाटवडीचा रस्सा केला माझ्यासाठी. निघालो तं म्हणे, माह्या पोरावर ध्यान ठेव बाप्पा तिकडे." त्यानं डोळे पुसले. "अन् मी काय ध्यान ठेवलं?"

नंदकुमार खाली मान घालून कार्पेटचे धागे उपटत होता.

तेव्हा जयंतीकाकूंनी पिशवीतून चंदनाचा हार काढला. त्यांच्या सासूबाईंच्या फोटोसाठी आणलेल्या जोडीतला एक, जपून ठेवलेला. "फोटो कुठाय गं आईंचा? हार घालू. बरं वाटतं घराला."

शोभा किचनच्या दारात उभी. तिनं अनुयाकडे पाहिलं.

"आय ॲम नॉट डूइंग दॅट, आई," अनुया जिन्यावरून म्हणाली.

"अनुया."

"नो. शी कॉल्ड यस्टरडे!"

ते बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. पोरं दुःखात काहीही बोलतात. शोभा स्वतःच आत गेली आणि फोटो घेऊन आली. बुढी पदर डोक्यावर घेऊन, कॅमेऱ्यावर संशय असल्यासारखी पाहतेय. शोभानं तो टीव्हीजवळच्या टेबलावर ठेवला. ठेवताना फ्रेम टेबलावर खडखडली. काकू गुडघे धरत उठल्या, हार मोकळा केला आणि फोटोकडे हात नेला.

नंदकुमारनं उठून हार धरला.

"काकू, थांबा. माय जित्ती हाये माही."

काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हो रे बाबा. आपल्यासाठी त्या नेहमीच असणार."

"तसं नाही."

"बसू दे त्याला," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला मन मानत नाही."

म्हणजे खरं सांगूनही लोकांना खोटं वाटत होतं. इथे थांबता आलं असतं त्याला. आम्ही पाणी दिलं असतं, बसवलं असतं, दोन घास खाऊ घातले असते आणि घरी गेलो असतो. शोभा दारातूनच मान हलवत होती, नाही, नाही. नंदकुमारनं तिच्याकडे पाहिलं आणि हार काही सोडला नाही.

"काल फोनवर बोललो मी तिच्यासंगं," तो म्हणाला. "कुरड्या बिघडल्या म्हणून शिव्या देत होती. मी गावी गेलोच नाही. मी दारू सोडवायच्या केंद्रात होतो. फिट येऊन पडलो, म्हणून डोकं भादरलं. मी दारुड्या आहे काकू. सात-आठ वर्षांपासून. दुकानात तुम्ही विचारलं तेव्हा मान हलवली, कारण खरं बोलायची सवयच नाही राहिली मले."

फ्रिज चालू झाला, तो ऐकू आला.

पहिला बोलला उन्मेष. नाक ओढत तो म्हणाला, "म्हणजे मी फुकट रडलो काय बे?"

कोणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. काकूंच्या हातात हाराचं दुसरं टोक अजून होतंच. "पण आजारी होत्या ना? शोभा, तूच म्हणालीस."

नंदकुमार म्हणाला, "ते पण माझ्यामुळे..."

"आजारी मी पाडलं त्यायले," शोभा मधेच म्हणाली. आवाज कोरडा. "मारलं यांनी." एवढं बोलून ती आमच्यामधून वाट काढत, अनुयाला ओलांडत वर गेली. बेडरूमचं दार लागलं.

डॉक्टर उठले. रागावले होते, पण दुसऱ्याच गोष्टीवर. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "हात पाहिले होते तुझे. गणपतीत आरतीचं तबक धरवत नव्हतं तुला."

"मंग बोलले नाही तुम्ही?"

"म्हटलं, घरातली गोष्ट." डॉक्टरांनी कोट घातला, एक बाही चुकली, पुन्हा घातला. "बोलायला पाहिजे होतं बहुतेक."

मंडळी पांगली. कोणी त्याचा हात धरला, कोणी नजर चुकवली, एकानं आपला भाताचा डबा परत नेला. दुखवटाच नाही तर भात कशाला ठेवायचा, असा त्याचा हिशेब. उन्मेष दारात नंदकुमारच्या कानाशी म्हणाला, "आपण गॅरेजात बसत होतो, ते माझ्या घरी सांगू नको बरं."

"मले कोणी विचारलं तर सांगीन," नंदकुमार म्हणाला.

"मोठा आला हरिश्चंद्र!" उन्मेष म्हणाला आणि तणतणत गेला. कुकर तिथंच विसरला.

जयंतीकाकू सगळ्यांत शेवटी. दुखवट्याच्या घरातून निघताना आपल्यात कोणी 'येतो' म्हणत नाही. माणूस गुपचूप उठतो आणि जातो. काकूंनी जोडे घातले, हार पिशवीत टाकला आणि जिन्याकडे तोंड करून, वर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शोभा, येते हं मी!"

मग काकू गेल्या.

पुढचं नंदकुमारच्या तोंडून. शोभा खाली आली तेव्हा तो कार्पेटवरच बसून होता. तिनं तोंड धुतलं होतं. ती सोफ्याच्या कडेला टेकली.

"अजून काय आहे?" तिनं विचारलं.

"कशाचं?"

"लोकायले सारं सांगून टाकलं. मले न सांगितलेलं काय आहे अजून?"

केंद्रात रॉननं बाटल्या लपवायच्या जागा विचारल्या होत्या, तेव्हा यानं सगळ्या सांगितल्या आणि एक मागे ठेवली होती. प्यायची म्हणून नाही. नुसती असावी म्हणून. आडवेळेला, म्हणून. लोकांपुढे मी दारुड्या म्हणणं सोपं गेलं होतं त्याला. हे जड गेलं.

"गॅरेजात एक आहे," तो शेवटी म्हणाला. "विंटर टायरमधी."

शोभा उठली. तो मागून गेला. चार टायर एकावर एक रचलेले. वरचे दोन त्यानं उतरवले. तिसऱ्याच्या पोटात रमची बाटली होती, सील न फोडलेली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. शोभानं त्या टायरांवरून किती वेळा झाडू फिरवला होता, ते ती बोलली नाही. पण पाहत राहिली.

"मी नाही सांडणार," ती म्हणाली. "तुम्ही सांडा."

खाली बेसमेंटात, लाँड्रीच्या सिंकमध्ये त्यानं बाटली उपडी केली. वास आला. "तोंडाले पाणी सुटून रायलं," तो म्हणाला.

"सांडा," शोभा म्हणाली.

बाटली रिकामी झाली. त्यानं पाणी सोडलं, बराच वेळ सोडून ठेवलं. मग नळ बंद करून म्हणाला, "सामान काढू का माझं?"

शोभानं वॉशिंग मशीनला पाठ टेकली. "तुम्ही बोलले, आता मले शनिवारी शाळेत उभं राहा लागेल. मलेच. लोक पाहतील माह्याकडे."

"मी येऊ?"

"नका येऊ. तुम्ही आले तं अजून पाहतील. मी विश्वास ठेवला असं समजू नका."

"नाही समजत."

"मले तुमचा राग आहे."

"हाव."

"राहा मंग. खालीच. पण ज्या दिवशी एक थाप सापडली, दारूची नाही म्हणत मी, कशाचीही, भाजीची का होईना, त्या दिवशी मी विचारणार नाही. सामान दारात दिसेल."

"हाव," नंदकुमार म्हणाला. त्याला आनंद झाला नाही. आनंद व्हायला अंगात जोर लागतो. तो फक्त सिंकला धरून उभा राहिला.

दोघं वर आले तेव्हा अनुया किचनमध्ये काकूंच्या डब्याचं झाकण उघडून उभी होती. पिठल्यावर साय धरली होती. तिनं आईकडे पाहिलं. "आई, इज इट ओके टु ईट धिस?"

"खा," शोभा म्हणाली. "कोणी मेलं नाही."

तिनं तीन ताटल्या काढल्या. भाकरी वातड झाली होती. तिघंही काउंटरपाशी उभ्यानंच जेवले.